तिघी जावा, एक पाकीट

प्रश्न : माझं वय ४९. पाळी जाऊन दीड वर्ष झालं. दिवसातून सात-आठ वेळा अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने गाऊन भिजतो, झोप मोडते ती मोडतेच. वसईला राहणाऱ्या माझ्या नणंदेला तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हार्मोनच्या गोळ्या दिल्या, तिला चांगला फरक पडला. परवा दिवा गाडीने ती आमच्याकडे आली तेव्हा पर्समधून पाकीट काढून म्हणाली, "यानं वाफा तर जातातच, पण हृदयाच्या शिरासुद्धा तरुण राहतात." ते ऐकून आमच्या मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "मग मलापण आणा की." त्या ६४ वर्षांच्या आहेत, बीपी आणि शुगर दोन्हीच्या गोळ्या चालू आहेत. मी मेडिकलमध्ये विचारलं तर तिथला मुलगा म्हणाला, "काकू, नादाला लागू नका, त्या गोळ्यांनी अटॅक येतो, अमेरिकेत सिद्ध झालंय." आता नणंदेचं खरं की त्या मुलाचं? धाकट्या जावेला या चर्चेत रस नाही. तिची पिशवी ३४ व्या वर्षीच काढली, आता ती ३८ ची आहे. ती म्हणते, "माझी पाळी तर केव्हाच गेली, माझा काय संबंध?"
– एक वाचक, खारबाव (ता. भिवंडी)

उत्तर : तुमच्या नणंदेने सांगितले ते १९९१ सालचे शास्त्र आणि मेडिकलमधल्या मुलाने सांगितले ते २००२ सालचे. दोघांनी मनाचे काही सांगितलेले नाही, फक्त दोघांचे कॅलेंडर जुने आहे. त्यानंतर जे कळले त्याने एकाच पाकिटाचे उत्तर तुम्हा तिघींसाठी तीन प्रकारचे झाले. ते सांगण्याआधी शिरांचे थोडे.

बोलताना आपण सगळ्यालाच शिरा म्हणतो. इथे प्रश्न आहे तो रोहिण्यांचा, म्हणजे हृदयाकडून शरीराकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्यांचा. रोहिणी म्हटले की डोळ्यांसमोर पाइप येतो. मुंबईचे पाणी वाहून नेणाऱ्या जलवाहिन्या भिवंडी तालुक्यातूनच जातात, त्यामुळे तुमच्याकडे ही उपमा आणखी लवकर सुचेल. पण लोखंडी पाइपला आत काय चालले आहे याची जाणीव नसते. रोहिणीच्या आतून मात्र जेमतेम एका पेशीच्या जाडीचे जिवंत अस्तर असते. रक्ताचा जोर वाढला की हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडते, त्याने भिंतीतले स्नायू सैल पडतात आणि वाट रुंद होते. अस्तर धडधाकट असेल तर रक्तातली चरबी भिंतीत सहजासहजी शिरत नाही आणि गुठळीही चिकटत नाही.

अंडाशयातून येणारे इस्ट्रोजेन या अस्तराला मदत करते. नायट्रिक ऑक्साइड अधिक तयार होते. यकृत रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, जास्त उचलते. पाळी जाते तेव्हा ही मदत काही वर्षांतच आटते. एलडीएल वाढते, चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते, बीपी चढू लागते. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' या अभ्यासात पहिला हृदयविकाराचा झटका बायकांना पुरुषांपेक्षा सरासरी नऊ वर्षांनी उशिरा आलेला दिसला. त्याच अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना तो इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी आलेला दिसला. भारतीय बायकांची पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. म्हणजे आपल्याकडे ही मदत लवकर सुटते आणि झटकाही लवकर येतो.

मग गेलेले इस्ट्रोजेन गोळीतून परत दिले तर रोहिण्या पूर्ववत राहतील, हा तर्क साधा आणि मोहक होता. त्यावरच अर्धे शतक गेले.

नणंदेचे साल : १९९१

गाभण घोड्यांच्या मूत्रातून काढलेल्या इस्ट्रोजेनची 'प्रीमरिन' ही गोळी अमेरिकेत १९४२ साली बाजारात आली. ('नैसर्गिक हार्मोन' अशी जाहिरात दिसली की ही घोडी आठवावी. नैसर्गिक तर तेही होते.) १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन या डॉक्टरांनी 'फेमिनिन फॉरएव्हर' हे पुस्तक लिहिले आणि पाळी जाणे हा जणू आजार, गोळी हा त्यावरचा उपाय, असा प्रचार सुरू झाला. १९७५ मध्ये नुसत्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो हे उघड झाले, तेव्हा ज्यांची पिशवी शाबूत आहे त्यांना सोबत प्रोजेस्टेरॉनच्या जातीचे दुसरे औषध देण्याची पद्धत पडली. ती आजही आहे.

याच सुमारास, १९७६ साली, अमेरिकेत १,२१,७०० नर्सांची दीर्घकाळ पाहणी सुरू झाली. त्यातून १९९१ साली निष्कर्ष आला तो असा : हार्मोन घेणाऱ्या नर्सांमध्ये हृदयाच्या रोहिण्यांचा आजार न घेणाऱ्यांच्या जवळपास निम्माच. डॉक्टरांचा विश्वास बसला आणि निरोगी बायकांनाही हृदय राखण्यासाठी ही गोळी लिहून दिली जाऊ लागली.

आता यातली ग्यानबाची मेख. समजा, तुमच्या गावात कोणी पाहणी केली आणि ज्यांच्या घरी पाण्याचा महागडा फिल्टर आहे त्या बायकांना शुगरचा त्रास कमी होतो असे आढळले. श्रेय फिल्टरला द्यायचे का? ज्या घरी फिल्टर आहे तिथे वेळेवर औषध आहे, डॉक्टरला द्यायला पैसे आहेत, दुखणे अंगावर काढायची सवय कमी आहे. हार्मोन घेणाऱ्या बायकाही अशाच होत्या : जास्त शिकलेल्या, बांधा सडपातळ, डॉक्टरकडे नियमित जाणाऱ्या. गोळीने त्यांना निरोगी ठेवले की निरोगी होत्या म्हणून त्यांनी गोळी घेतली, हे नुसते पाहून ठरत नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकाव्या लागतात : निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी, आणि कोणाला कुठली हे कोणालाच ठाऊक नाही.

मेडिकलवाल्याचे साल : २००२

अशी पहिली मोठी परीक्षा 'हर्स' या नावाने झाली आणि १९९८ मध्ये तिचा निकाल लागला. त्यात २,७६३ बायका होत्या, सगळ्यांना हृदयविकार आधीच झालेला, सरासरी वय ६७. चार वर्षांनी हिशेब केला तर गोळीचा फायदा शून्य, आणि पहिल्या वर्षी तर खरी गोळी घेणाऱ्यांतच झटके जास्त.

त्यानंतरची परीक्षा याहून मोठी होती. 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अमेरिकी सरकारी प्रकल्पात पिशवी असलेल्या १६,६०८ बायकांना चिठ्ठ्या टाकून दोन हार्मोनांची गोळी किंवा खोटी गोळी दिली गेली. ठरलेल्या मुदतीच्या आधीच, जुलै २००२ मध्ये, ही परीक्षा थांबवावी लागली. वर्तमानपत्रांत आकडा छापून आला : हृदयविकार २९ टक्क्यांनी वाढला. तुमच्या मेडिकलपर्यंत पोहोचले ते हेच.

टक्का ऐकून छाती दडपते, म्हणून माणसे मोजू. १०,००० बायकांनी वर्षभर खोटी गोळी घेतली तेव्हा ३० जणींना हृदयविकाराचा त्रास झाला. खरी घेतली तेव्हा ३७ जणींना. म्हणजे दहा हजारांत सात जणी जास्त. त्याच हिशेबाने पक्षाघाताच्या आठ जास्त, फुप्फुसात गुठळी अडकण्याच्या आठ जास्त, स्तनाच्या कर्करोगाच्या आठ जास्त. दुसऱ्या पारड्यात खुब्याचे हाड मोडण्याच्या पाच कमी आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या सहा कमी. एका बाईपुरता धोका लहान होता. पण जी गोळी हृदय राखते म्हणून निरोगी बाईला द्यायची, तिने उलटा सात जणींचाही भार टाकता कामा नये. त्यामुळे परीक्षा थांबवली ते योग्यच झाले.

मात्र बातमीत एक गोष्ट मागे पडली. या बायकांचे सरासरी वय ६३ होते आणि दर तिघींतल्या दोघी साठी ओलांडलेल्या होत्या. पाळी जाऊन दहा-दहा, वीस-वीस वर्षे झालेल्या. वाफांनी हैराण होऊन डॉक्टरकडे येते ती बाई ४८-५० ची असते. साठी ओलांडलेल्यांचा निकाल तिलाही लागू झाला आणि अर्धी दुनिया गोळ्या टाकून बसली.

बांध कधी बांधायचा

नावातच 'खार' असलेल्या गावाला हे समजावणे सोपे आहे. खाडीकाठच्या खारजमिनीचा बांध उन्हाळ्यात बघून घ्यायचा असतो. खेकड्यांची बिळे बुजवायची, खचलेल्या जागी चिखल चढवायचा, म्हणजे उधाण आले तरी भात वाचते. पण एकदा बांधाला खांड पडून खारे पाणी शेतात शिरले की मग तोच चिखल वरून कितीही लिंपा, आत गेलेले पाणी आतच कोंडते. चिखल तोच, मजूर तेच, वेळ मात्र टळलेली.

रोहिणीचे असेच काहीसे होते. अस्तर अजून धड आहे तोवर इस्ट्रोजेन त्याला सांभाळते. चरबीचे थर भिंतीत एकदा बसले की तेच इस्ट्रोजेन त्या थरांवरचे कवच कमजोर करू शकते. शिवाय गोळीने रक्त गोठण्याकडे झुकते, आणि फुटलेल्या कवचावर गुठळी बसली की झटका. अमेरिकेत थॉमस क्लार्कसन यांच्या प्रयोगशाळेत माकडिणींवर हे आधीच दिसले होते : अंडाशय काढल्याबरोबर इस्ट्रोजेन दिले त्यांच्या रोहिण्यांत चरबी सुमारे ७० टक्क्यांनी कमी साठली, उशिरा दिले त्यांना फायदा झाला नाही.

माणसांत हे मुद्दाम तपासले ते कॅलिफोर्नियातल्या 'एलिट' नावाच्या परीक्षेत. २०१६ मध्ये तिचा निकाल आला. ६४३ बायकांचे दोन गट केले होते : पाळी जाऊन सहा वर्षे झाली नाहीत त्या, आणि दहा किंवा जास्त वर्षे झालेल्या. मानेतल्या रोहिणीच्या भिंतीची जाडी सोनोग्राफीने वारंवार मोजली. पहिल्या गटात खोटी गोळी घेणाऱ्यांची भिंत वर्षाला ०.००७८ मिलिमीटर जाड झाली, इस्ट्रोजेन घेणाऱ्यांची ०.००४४. उशिरा सुरू करणाऱ्या गटात गोळीने काही फरक पडला नाही.

पण इथे थांबू नका, नाहीतर तुमची नणंद आणखी एक पाकीट घेऊन येईल. त्याच परीक्षेत हृदयाच्या रोहिण्यांमध्ये साठलेले कॅल्शियम सीटी स्कॅनने पाहिले, तर दोन्ही गटांत गोळीने फरक दिसला नाही. आणि 'कीप्स' नावाच्या दुसऱ्या परीक्षेत पाळी जाऊन तीन वर्षांच्या आतल्या ७२७ बायकांना चार वर्षे हार्मोन दिले, तिथे भिंतीच्या जाडीतही फरक पडला नाही. भिंत किंचित कमी जाड होणे आणि झटका टळणे यांत अंतर आहे. म्हणून आजचे मत असे : लवकर सुरू केलेले हार्मोन निरोगी बाईच्या हृदयाला बहुधा अपाय करत नाही, काहींना थोडा फायदाही होत असेल, पण हृदयासाठी म्हणून ते सुरू करावे इतका पुरावा नाही. अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्य समितीने २०२२ मध्ये हेच पुन्हा सांगितले. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या औषध नियामक खात्याने या औषधांवरचा हृदयविकाराबाबतचा ठळक चौकटीतला इशारा काढत असल्याचे जाहीर केले. इशारा निघाला याचा अर्थ शिफारस झाली असा घेऊ नये.

आता तिघींचे वेगवेगळे

तुम्ही. वय ४९, पाळी जाऊन दीड वर्ष, वाफा आणि मोडलेली झोप. हार्मोन ज्यांच्यासाठी आहे त्या तुम्हीच. वाफांवर याहून परिणामकारक औषध आज नाही, आणि साठीच्या आत, पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केले तर फायद्याचे पारडे सहसा जड असते. मात्र नणंदेच्या पाकिटावरून नव्हे, स्वतःच्या तपासणीवरून. स्तनाचा कर्करोग, पायात किंवा फुप्फुसात गुठळी, पक्षाघात, हृदयविकार, यकृताचा आजार यांतले काही होऊन गेले असेल, किंवा पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जात असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल आणि स्तनांची तपासणी करून घ्या. तुमची पिशवी आहे, म्हणून इस्ट्रोजेनसोबत दुसरे औषध लागणारच. एक गोष्ट मुद्दाम विचारा : गोळी की त्वचेवर लावायचे जेल? गोळी पोटातून आधी यकृताकडे जाते आणि यकृत रक्त गोठवणारी प्रथिने जास्त बनवू लागते. जेल थेट रक्तात उतरते, आणि आजवरच्या पाहण्यांत जेल किंवा चिकटपट्टीने गुठळ्यांचा धोका वाढलेला दिसलेला नाही. वजन जास्त असेल किंवा बीपी असेल तर हा फरक महत्त्वाचा ठरतो.

मोठ्या जाऊबाई. वय ६४, बीपी, शुगर. वाफांचा त्रास त्यांनी सांगितलेला नाही, त्यांना फक्त शिरा तरुण करून हव्या आहेत. त्यांना हात जोडून नाही म्हणा. हर्स आणि २००२ चा निकाल आहे तो त्यांच्याच वयाच्या बायकांचा. शुगरने त्यांच्या रोहिण्यांत आधीच काही साठले असण्याची शक्यता मोठी. खांड पडल्यावरचा चिखल तो हाच.

त्यांच्या शिरांसाठी करण्यासारखे मात्र पुष्कळ आहे, आणि ते पाकिटाहून स्वस्त आहे. बीपीची गोळी बरे वाटले म्हणून बंद करायची नाही. कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी लागते का, हे डॉक्टरांना विचारायचे. शुगर असलेल्या या वयाच्या बाईला ती बहुधा लागते, आणि झटका टाळण्याचा तिचा पुरावा हार्मोनपेक्षा कितीतरी भक्कम आहे. खारवलेल्या सुक्या मासळीतले मीठ मोजायचे. बीपी आटोक्यात येत नाही तेव्हा मीठ पुष्कळदा सुक्या मासळीच्या डब्यात सापडते. आणि घरात कोणी मिश्री लावत असेल तर ती बंद. मिश्री म्हणजे दात घासायची पूड नव्हे, भाजलेली तंबाखूच. हिरडीतून निकोटीन रक्तात जाते आणि रोहिण्या आवळते. बायका सिगारेट ओढत नाहीत म्हणून 'तंबाखू नाही' असे केसपेपरवर लिहिले जाते, मिश्रीचे कोणी विचारत नाही. बीपी आणि शुगर खारबावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही तपासून मिळते. आणखी एक : बायकांचा झटका नेहमी छातीत कळ घेऊन येत नाही. दम लागणे, जबडा किंवा पाठ दुखणे, दरदरून घाम, मळमळ, एरवी न येणारा थकवा अशीही त्याची रूपे असतात. 'गॅस झाला' म्हणून सोडा पिऊन निजू नये.

धाकटी जाऊ. तिने विचारलेच नाही, आणि पत्र वाचून मला सगळ्यात काळजी वाटली ती तिची. ४७-४८ व्या वर्षी इस्ट्रोजेन जाणे हा वयाचा क्रम आहे. ३४ व्या वर्षी गेले असेल तर रोहिण्यांवरून बारा-पंधरा वर्षे आधीच छत्र गेले. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या दीर्घ पाहणीत ४५ च्या आत दोन्ही अंडाशय काढलेल्या आणि नंतर इस्ट्रोजेन न मिळालेल्या बायकांत हृदयरोगाने जास्त मृत्यू झालेले दिसले. अशा तरुण बायकांना, दुसरी काही अडचण नसेल तर, पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत हार्मोन द्यावे, असे जगभरच्या तज्ज्ञ संघटना सांगतात. २००२ ची भीती त्यांना लागूच होत नाही.

आणि ती एकटी नाही. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या जिल्ह्यात ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. चर्चा झाली ती शस्त्रक्रिया गरजेची होती का, याची. ती व्हायलाच हवी होती. पण शस्त्रक्रियेनंतरच्या तीस-चाळीस वर्षांत या बायकांची हाडे आणि हृदय कोण बघणार, हे विचारायचे राहून गेले.

पिशवी काढली म्हणजे अंडाशय गेलेच असे नाही. ते ठेवले असतील तर इस्ट्रोजेन चालू असेल, पण अशा बायकांचे अंडाशय काही वर्षे आधी थकू शकतात, आणि पाळीच नसल्यामुळे ते थकल्याची खूण बाहेर दिसत नाही. म्हणून धाकटीला विचारा, शस्त्रक्रियेच्या वेळचा डिस्चार्ज कागद कुठे आहे. त्यावर 'बीएसओ' ही तीन अक्षरे असतील तर दोन्ही अंडाशय काढलेले आहेत, आणि ती चार वर्षे इस्ट्रोजेनवाचून आहे. अक्षरे नसतील तर रक्ताची तपासणी करावी लागते. कागद हरवला असेल तर ज्या दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली तिथे नक्कल मागता येते; ती तिच्या हक्काची आहे.

तुमची तपासणी व्हायचीच आहे. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाल तेव्हा दोन तिकिटे काढा. मोठ्या जाऊबाईंना पाकीट हवे आहे आणि त्यांनी ते घेऊ नये. धाकटीला नको आहे आणि कदाचित तिलाच त्याची सगळ्यात जास्त गरज आहे.